पोचलात की कळवा

माझ्या सायकलच्या हँडलवरच्या पिशवीत चार घड्या घातलेला एक कागद आहे. कुठल्याशा पतपेढीच्या कॅलेंडरचं डिसेंबरचं पान. पुढच्या बाजूला तारखांवर पेनाने केलेल्या दुधाच्या खुणा, मागच्या कोऱ्या बाजूला ९ फोन नंबर. नऊही नंबर वेगवेगळ्या अक्षरांत, कारण मी बहुतेकांच्या हातात पेन दिलं होतं. पाचवा घामाने पुसट झाला आहे, पण वाचता येतो.

हा कागद अलिबाग ते गोवा या प्रवासातला. जानेवारीचा शेवटचा आठवडा होता आणि आम्ही ७ जण होतो. सगळ्यांत मोठे काका ६४ वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले. सगळ्यांत धाकटी २२ वर्षांची. मी मधली, पन्नाशी ओलांडलेली. अलिबागपर्यंत टेम्पोत सायकली घालून गेलो आणि तिथून किनारा धरला. दक्षिणेला जायचं, समुद्र कायम उजव्या हाताला ठेवायचा, एवढाच बेत.

कोकणातला हा रस्ता सायकलवर करायचा म्हणजे किलोमीटरचा हिशेब बाजूला ठेवावा लागतो. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या घाईघाईने समुद्राकडे येतात आणि शेवटी रुंद खाड्या करून बसतात. त्यामुळे दर थोड्या अंतरावर रस्ता डोंगरावरून खाली खाडीच्या काठाला उतरतो, फेरीबोटीतून पलीकडे जातो आणि पुन्हा घाटी चढून सड्यावर येतो. वर जांभ्या कातळाचा उघडा सडा, वारा आणि ऊन. खाली नारळ-पोफळींची गार वाडी, देऊळ, मासळीचा वास. राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड अशी प्रत्येक खाडी आली की हाच खेळ. तिथल्या माणसांनाही हे पक्कं ठाऊक आहे. अंतर विचारलं तर ती चढ सांगतात. "गुहागर ना? दोन घाट्या, मग सपाट." पहिल्या दोन दिवसांत आम्हीसुद्धा असंच मोजायला लागलो.

पहिला मुक्काम दिवेआगरला. आगरदांड्याहून फेरीने दिघीला उतरलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. ज्या घरी उतरलो त्यांच्या खळ्यात सुपारी वाळत पडली होती. नारिंगी, पिवळी, वाळून करडी झालेली, प्रत्येक दिवसाचा वेगळा पट्टा. घरातल्या आजी त्या पट्ट्यांतून अनवाणी फिरत पायानेच सुपारी खाली-वर करत होत्या. वय पंच्याऐंशीच्या पुढे. त्यांनी आधी आमच्या सायकलींकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "तू पण ह्यांच्याबरोबर सायकलवरच आलीस? अलिबागेहून?"

संध्याकाळी त्यांनी मला वाडीत नेलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ इथेच किनाऱ्यावर आदळलं होतं. वर्तमानपत्रात मी फोटो पाहिले होते, पण जमीन पाहिली नव्हती. आजींच्या वाडीत तेव्हा साडेतीनशे पोफळी होत्या. दुपारी दारं लावून घरात बसले, आणि दार उघडलं तेव्हा चाळीस उभ्या होत्या. "आवाज नव्हता गं तसा कुठल्या एका झाडाचा," त्या म्हणाल्या, "सगळं एकदमच मोडत होतं, त्यामुळे कुठली कधी पडली ते कळलंच नाही." त्यांच्या सासूबाईंनी शिंपणं करून वाढवलेली झाडं होती ती. पोफळीला फळ धरायला पाच-सहा वर्षं तरी लागतात. वयाच्या ऐंशीनंतर त्यांनी नवी रोपं लावून घेतली. मी गेले तेव्हा काही रोपांना पहिली पोय फुटली होती. त्यांनी एका झाडाच्या बुंध्याला हात लावून मला वर बघायला सांगितलं. हिरव्या कोवळ्या झुबक्यात मोहरीपेक्षा जराशीच मोठी फळं दिसत होती. मी किती वेळ वर बघत उभी होते कुणास ठाऊक, मान अवघडली तेव्हा भानावर आले.

सकाळी निघताना आजींनी भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं, त्यावर थरथरत्या अक्षरांत आपल्या मुलाचा नंबर लिहिला आणि माझ्या हातात दिला. "कधी पोचणार गोव्याला?"

"रविवारी संध्याकाळी, आजी."

"पोचलात की फोन करा. सगळ्यांनी नको, तू एकटीने केलास तरी चालेल."

त्यांनी हे सहज म्हटलं, जसं घरातून बाहेर पडणाऱ्या कुणालाही म्हणतात. माझ्या आईच्या तोंडी हे वाक्य होतं. ती गेल्यावर ते माझ्या आयुष्यातून नाहीसं झालं होतं आणि ते नाहीसं झालंय हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. श्रीवर्धनच्या चढावर ते एकदम लक्षात आलं. मी सगळ्यांत मागे राहून चालवत होते, ते बरं झालं.

हरिहरेश्वरच्या पुढे बागमांडल्याला फेरी घेतली आणि पलीकडे वेशवीला उतरलो. बाणकोटच्या खाडीवर कित्येक वर्षांपासून रखडलेल्या पुलाचे खांब दिसतात. फेरीत एक गरोदर बाई होती, बरोबर तिची सासू. तपासणीला निघाल्या होत्या. बोट सुटायला पंचवीस मिनिटं होती आणि त्या पंचवीस मिनिटांत त्या सासूने चार वेळा पुलाकडे पाहिलं. मला जेट्टीवरचं थांबणं फार आवडतं. सायकलला टेकून पाण्याकडे बघत बसण्यासारखं सुख नाही. तरी त्या दिवशी मनापासून वाटलं की हे पूल लवकर पुरे व्हावेत. आठ दिवसांसाठी आलेल्यांच्या सुखापेक्षा त्या सासूची घालमेल मोठी आहे.

केळशीला राहिलो, तिथे दुसरा नंबर मिळाला. पुढे आंजर्ले, हर्णै करत मुरुडला चहाला थांबलो. रायगडातलं मुरुड वेगळं, हे दापोलीचं, महर्षी कर्व्यांचं गाव. टपरीवरच्या एका निवृत्त गुरुजींनी काकांचं वय विचारलं आणि मग आम्हाला अण्णांची गोष्ट सांगितली. सतरा वर्षांचे अण्णा परीक्षेसाठी इथून कुंभार्ली घाट चढून साताऱ्यापर्यंत चालत गेले, आणि तिथे साहेबाने 'लहान दिसतोस' म्हणून बसूच दिलं नाही. ही गोष्ट मी शाळेत वाचली होती. पण त्या दिवशी सकाळपासून तीन चढ चढून आल्यावर ती पायांना कळली. अण्णा त्याच वाटेने परतही आले असतील, रिकाम्या हाताने. गुरुजी म्हणाले, "परत यायचा चढ मोठा असतो."

दाभोळला मात्र प्रवासच अडला.

जेट्टीकडे उतरताना काकांच्या मागच्या टायरची बाजू एका दगडाने चिरली गेली. चांगली दोन बोटं लांब चीर, आणि आतली ट्यूब बेडकाच्या गळ्यासारखी बाहेर फुगलेली. ट्यूब आमच्याकडे जास्तीच्या होत्या, टायर एकही नव्हता. नवा टायर आणायचा तर दापोली, आणि त्या मापाचा तिथेही मिळेल याची खात्री नव्हती. पंक्चरवाल्याने पाहिलं आणि मान हलवली. जेट्टीच्या बाजूला एक म्हातारे चाचा पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून धरून ते दुरुस्त करत बसले होते. त्यांनी हातातलं काम न थांबवता सांगितलं, "इकडे आणा."

पुढचा सव्वा तास मी जे पाहिलं ते मला जसंच्या तसं आठवतं. चाचांनी टायर उलटा केला, आतली बाजू बाहेर. फडक्याने पुसला. नातवाला पिटाळून घरून दाभण मागवलं, पोती शिवायचं मोठं, जरा वाकवलेलं. पंक्चरवाल्याकडून मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबचा हातभर तुकडा घेतला आणि त्यातून कात्रीने तळहाताएवढं ठिगळ कापलं, कडा घासून पातळ केल्या. जाळ्याचाच नायलॉनचा दोरा ओवला. चिरेच्या टोकाच्याही अर्धा इंच पलीकडून पहिला टाका घातला. "चीर जिथे थांबली तिथूनच सुरुवात केली तर ती पुढे पळते. तिच्या आधी जाऊन बसायचं." प्रत्येक टाक्याला दाभण लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवून तळव्याने दाबत होते, तळव्याला चामड्याचा तुकडा बांधलेला. एक टाका इकडून तिकडे, पुढचा त्याला छेद देऊन. टाका ओढल्यावर क्षणभर थांबायचे, दोऱ्यावरून नख फिरवायचे, मग पुढे. काकांनी गाठ कुठे मारणार असं विचारलं तेव्हा पहिल्यांदाच त्यांनी वर पाहिलं. "बाहेर. आत गाठ राहिली तर ट्यूब खाईल." शेवटी आतून सोल्यूशन लावून ठिगळ बसवलं आणि त्यावर हात दाबून धरून बसून राहिले. तेवढ्या वेळात दोन फेऱ्या धोपाव्याला जाऊन आल्या.

पैसे घेतले नाहीत. काकांनी खूप आग्रह केला तेव्हा म्हणाले, "गोव्याला पोचलात की फोन करा. टायर कुठपर्यंत गेला ते मला कळू दे." कागदावरचा तिसरा नंबर त्यांचा, मोठ्या ठसठशीत आकड्यांत.

खाडी ओलांडून गुहागर, दुसऱ्या दिवशी हेदवी, तवसाळ. आमच्यात एक नियम होता. चढाच्या माथ्यावर जो पहिला पोचेल त्याने थांबायचं, आणि शेवटचा येईपर्यंत कुणी डबा उघडायचा नाही. त्यामुळे आमची रांग कधी कधी पाच-सहा किलोमीटर लांब व्हायची आणि त्या रांगेची खबर वाटेवरच्या माणसांकडे असायची. हेदवीच्या पुढे एका छोट्या दुकानाशी मी पाणी प्यायला टेकले. दुकानातली बाई म्हणाली, "पाच गेले. तुम्ही सहाव्या. एक यायचाय." मी चकित होऊन बघत राहिले. तिने आमची गणती ठेवली होती! का, तर पहिला जाताना सात जण आहोत असं बोलून गेला होता, आणि पुढे वळणावर चढ वाईट आहे. मी निघाले तरी ती दारातच उभी होती. काका आल्यावर तिने त्यांना गुळाचा खडा आणि पाणी दिलं, बाकीचे किती पुढे आहेत ते सांगितलं आणि मगच आत गेली. चौथा नंबर तिचा. तो काकांनी लिहून आणला.

गणपतीपुळ्याला राहिलो आणि उजाडताच निघालो. आरे-वारेचा रस्ता सुंदर आहे, त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. रत्नागिरी, पावस ओलांडून कशेळीला मुक्काम केला. कनकादित्याच्या देवळामुळे हे नाव ऐकून होते. तिथल्या यजमानांनी चहा झाल्यावर सड्यावर नेलं. उघड्या जांभ्यात कोरलेला भला मोठा हत्ती, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी. मासे, पक्षी, ओळखू न येणारे कितीतरी. ही कातळशिल्पं कुणी आणि का खोदली ते आज कुणाला सांगता येत नाही. २०२२ मध्ये कोकणातल्या अशा काही जागा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेल्या. पण यजमानांच्या बोलण्यात अभिमानापेक्षा काळजी जास्त होती. सड्यावर चिरे काढणारी यंत्रं चालतात, नवे रस्ते येतात. आम्हाला त्यांनी चपला काढून कडेकडेने यायला लावलं आणि मुलाला पाणी आणायला पाठवलं. तांब्यातलं पाणी त्यांनी कोरीव रेषांवर हळूहळू ओतलं. कोरड्या कातळात न दिसणारा एक मासा ओला होऊन उठून दिसला, शेपटीपासून डोळ्यापर्यंत. दोन-तीन मिनिटांत वाळला आणि पुन्हा कातळ झाला. पाचवा नंबर त्यांचा, तोच पुसट झालेला.

जैतापूरच्या खाडीनंतरची चढण माझ्या वाट्याला आली. हवा कोंदलेली, दुपारचे दोन. अर्ध्या चढावर पाय थांबले ते थांबलेच. मी सायकल आडवी केली आणि रस्त्याच्या कडेला बसून रडले. कशाचं रडू होतं हे अजून नीट सांगता येत नाही. धाकटी माथ्यावरून परत खाली आली, माझ्याशेजारी बसली आणि एक शब्द बोलली नाही. समोरच्या घराच्या पडवीतून एक बाई सगळं बघत होत्या. त्या आल्या, माझी सायकल त्यांनी उचलून अंगणात नेली आणि मला म्हणाल्या, "आज पुढे नको. भात टाकते." सातही जण त्या घरात राहिलो. आमचा एक दिवस मागे पडला. रात्री त्यांनी उकडा भात, कुळथाचं पिठलं आणि सोलकढी वाढली. त्यांचा मुलगा मुंबईला, सून मुंबईला, नातू मुंबईला. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येतात. बाकीचे दिवस त्या आणि त्यांची गाय. ताट उचलताना म्हणाल्या, "खूप दिवसांनी मोठं पातेलं काढलं." सहावा नंबर.

देवगडात आंबा मोहरला होता. वासाने रस्ता भरून गेला होता, पण बागायतदार आकाशाकडे बघत होते. दोन दिवसांपासून मळभ होतं. मळभ राहिलं की मोहरावर तुडतुडा येतो, मग फवारणी, मग पुन्हा फवारणी. ज्यांनी आम्हाला बागेत बसवलं ते म्हणाले, "तुम्हाला ऊन नको असेल ना सायकलवर? आम्हाला हवंय." दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. चढावर भाजून निघत असताना आमच्यातला एकही जण कुरकुरला नाही.

आचऱ्याला रामेश्वराच्या देवळाशी थांबलो तेव्हा एका बापयाने हाक मारली, "खंयसून इलास?" सांगितलं. "सायकलीन? सगळीच?" मग बाकावर जागा करून दिली आणि गावपळणीबद्दल सांगत बसला. दर काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन आख्खं गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. वेशीबाहेर झोपड्या उभारायच्या, चुली मांडायच्या, रात्री भजनं करायची. गावात शुकशुकाट. तीन दिवस झाले की पुन्हा कौल. "आमी जातंव ता देवाक इचारून, आनी येतंव ता पन देवाक इचारूनच," तो म्हणाला. मी विचारलं, परत आल्यावर घरात पहिलं काय करता? तो जरा वेळ विचार करत राहिला. "घरातलो वास बदललेलो असता. तो घेतंव." त्यानेही नंबर दिला.

मालवणात सिंधुदुर्ग किनाऱ्यावरूनच पाहिला, आत जायला वेळ नव्हता. वेंगुर्ल्यातून सकाळी निघून शिरोड्याला आलो. १९३० च्या मे महिन्यात इथे मिठाचा सत्याग्रह झाला. मिठागरं अजून आहेत. हंगाम सुरू होत होता. गुडघाभर चिखलात उभे राहून दोघं जण खाचरांचा तळ फळीने चोपून सपाट करत होते. एकाने ओंजळभर मीठ कागदाच्या पुडीत बांधून दिलं, करडं, ओलसर, जाड. तेच मीठ मी आता घरी वापरते. नववा नंबर त्याचा.

तेरेखोलचा किल्ला खाडीच्या अलीकडे असूनही गोव्यात मोडतो. तिथून फेरी, आणि पलीकडे केरी. सोमवारची संध्याकाळ होती. सायकली सुरूच्या झाडांना टेकवल्या, कुणी वाळूत आडवं झालं, कुणी पाण्यात गेलं. मी कागद उघडला.

चाचांचा फोन नातवाने उचलला आणि ओरडत त्यांच्याकडे नेला. "टाका?" एवढंच त्यांनी विचारलं. काकांनी फोन घेतला आणि एकेक टाका मोजून सांगितला, सगळे जागेवर आहेत म्हणून. दुकानातल्या बाईला मागे खूप गिऱ्हाईक होतं, तरी ती बोलली. कशेळीचे यजमान घरी नव्हते, निरोप ठेवला. जैतापूरच्या बाई म्हणाल्या, पाय कसे आहेत तुझे?

दिवेआगरचा फोन मी शेवटी ठेवला होता. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलला गेला, आणि मुलाचा नव्हे, आजींचाच आवाज आला.

"काल रविवार होता ना? रात्री साडेनऊपर्यंत फोन उशाशी घेऊन बसले होते. ह्याला म्हटलं, आज तुझा फोन माझ्याकडे राहू दे."

मी जैतापूरचं सांगितलं. चढ, रडू, भात, सगळं. त्या ऐकत होत्या. मागे सुपारी सोलल्याचा आवाज येत होता.

"बरं," त्या म्हणाल्या. "सगळे आहात ना पण? सातही?"

मी फोन कानाला तसाच धरून मागे वळले आणि मोजले.